कामावर तो, गावात मी

चाकण, पिंपरी, सातपूर, अंबड या पट्ट्यातल्या कारखान्यांवर ज्यांची घरं चालतात, त्यांच्याकडे हल्ली एक प्रश्न दर वर्षी कुणापुढे तरी उभा राहतो. कंपनी इंजिनिअरला दोन-तीन महिन्यांसाठी जर्मनीला पाठवते. विमान, भाड्याची जागा, रोजचा भत्ता सगळं त्याच्या किंवा तिच्या नावावर ठरलेलं असतं. मग जोडीदाराने बरोबर जायचं की नाही? जागा दोघांना पुरते, व्हिसा बहुधा मिळतो, तिकीट तेवढं घरचं काढायचं. हिशेब सोपा दिसतो, पण तो मांडून झाला तरी घरातली चर्चा संपत नाही.

माझं आणि माझ्या धाकट्या नणंदेचं यावर पटत नाही. ती नाशिकला फिजिओथेरपिस्ट आहे, स्वतःचं क्लिनिक चालवते. तिच्या नवऱ्याला येत्या उन्हाळ्यात श्टुटगार्टला जायचं आहे. मी तिच्या दादाबरोबर त्याच शहरात एक उन्हाळा काढून आले आहे आणि तिने जावं असं मला मनापासून वाटतं. तिला तसं वाटत नाही, आणि तिची कारणं लेचीपेची नाहीत. म्हणून आमचं बोलणं झालं तसं देते आहे. तिची बाजू तिने वाचून पाहिली आहे, दोन ठिकाणी दुरुस्तही केली आहे.

ती : वहिनी, मी तिथे जाऊन करू काय, एवढंच सांग. तो सकाळी सातला बाहेर पडणार, संध्याकाळी सहा-साडेसहाला येणार. शनिवार-रविवारी अंगात त्राण नसणार. माझं क्लिनिक बंद, पेशंट दुसऱ्याच्या हवाली, आणि मी परक्या गावात पोळ्या लाटत त्याची वाट बघणार. पोळ्याच लाटायच्या तर नाशिकमध्ये काय वाईट आहे? युरोप बघायचाच असेल तर दोघांनी दहा दिवसांची रजा टाकून सरळ टूर घ्यावी. आईबाबा गेले होते तसं. पॅरिस झालं, युंगफ्राऊ झालं, व्हेनिस झालं. बरोबर टूर लीडर, रात्री वरणभात, कुठे अडायला नको.

मी : आईबाबांची टूर उत्तमच झाली. 3,454 मीटरवरच्या स्टेशनात उतरून त्यांनी बर्फ हातात घेतला, आजही त्याबद्दल बोलताना बाबांचा चेहरा खुलतो. त्याला मी कधीच नावं ठेवणार नाही. पण टूरमध्ये दिसतं ते पाहुण्यांसाठी मांडून ठेवलेलं असतं. मंगळवारी सकाळी दहा वाजता गाव काय करतं, हे बघायला त्या गावात राहायला लागतं. तुझ्या नवऱ्याला ते दिसणार नाही, तो प्लांटमध्ये असेल. टूरवाल्यांना दिसणार नाही, ते बसमध्ये असतील. ते फक्त तुला दिसेल.

ती : आणि काय करतं गाव मंगळवारी सकाळी दहाला?

मी : श्टुटगार्ट असेल तर कुणीतरी जिना झाडत असतं.

हे थोडं सविस्तर सांगायला हवं. श्टुटगार्ट आणि आसपासच्या श्वाबियन मुलखात केअरवोखे नावाची पद्धत आहे. बिल्डिंगमधल्या प्रत्येक बिऱ्हाडाने पाळीपाळीने एकेक आठवडा सामाईक जागेची स्वच्छता करायची. लहान पाळी म्हणजे आपल्या मजल्याचा जिना आणि त्याचा कठडा. मोठी पाळी म्हणजे दाराबाहेरचा फुटपाथ, तळघराचा जिना, कचऱ्याच्या डब्यांची जागा, आणि हिवाळ्यात बर्फसुद्धा. ज्याची पाळी त्याच्या दारावर एक पाटी लटकते. आठवडा संपला की ती शेजाऱ्याच्या दारावर अडकवायची. या शिस्तीची मुळं 15व्या शतकाच्या अखेरीस, एबरहार्ड नावाच्या काउंटच्या काळातल्या फर्मानांपर्यंत नेतात. शहराची सक्ती कधीच उठली, पण भाडेकरारांत ही अट अजून असते.

आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक आजी राहत होत्या. आमच्या दारावर पहिल्यांदा पाटी आली त्या दिवशी त्या वर आल्या आणि बोलण्यापेक्षा हातवाऱ्यांनीच सगळं दाखवलं. वरून खाली यायचं. आधी कोपरे, त्याला हातातला छोटा ब्रश. मग पायऱ्या, त्याही भिंतीकडून कठड्याकडे. मग घट्ट पिळलेलं फडकं, कारण लाकडी पायरीवर पाणी राहता कामा नये. शेवटी कठड्यावरून कोरडं फडकं. त्यांनी स्वतः अर्धा जिना करून दाखवला आणि उरलेला मी करेपर्यंत खाली उभ्या राहिल्या. झाल्यावर मान हलवली. त्यानंतर जिन्यात भेटल्या की त्या माझ्याशी बोलायच्या, आणि मला जर्मन येत नाही याचं त्यांना काही वाटायचं नाही.

ती : वहिनी, रागावू नको, पण तू घरकामाला मखर घालते आहेस. इथे तुमच्या बिल्डिंगचा जिना झाडायला बाई येते. तिच्या झाडण्यावर कुणी लेख लिहीत नाही. तिथे तू झाडलास तर ती संस्कृती झाली. माझ्याकडे ज्या बायका कंबर धरून येतात त्यांनी आयुष्यभर हेच केलेलं असतं. मला त्यात बघण्यासारखं काही दिसत नाही.

मी : तू बरोबर ठिकाणी बोट ठेवलंस. पण मला त्या झाडूपेक्षा पाटी महत्त्वाची वाटली. ती पाटी दुसऱ्या मजल्यावरच्या वकिलाच्या दारावर लागायची, तिसऱ्या मजल्यावरच्या ट्राम चालवणाऱ्याच्या दारावर लागायची आणि आमच्याही. आपल्या सोसायटीत सभासदांनी पाळीने जिना झाडायचा ठराव कुणी मांडून तर बघावा! आपल्याकडे हे काम कुणाचं ते जन्मावरून ठरलं होतं आणि पगार देऊनही ते पुरतं सुटलेलं नाही. हे मी इथे पुस्तकात वाचलं होतं. तिथे हातात फडकं घेऊन उभी राहिले तेव्हा ते अंगावर आलं. हे टूरमध्ये दाखवत नाहीत, आणि दाखवायचं म्हटलं तरी दाखवता येणार नाही.

ती : बरं, हे मानलं. पण मग तुझे बाकीचे दिवस? दादा सांगत होता, पहिले काही दिवस तू फोनवर नीट बोलत नव्हतीस.

मी : नव्हतेच. त्याचं कारण घड्याळात आहे. उन्हाळ्यात ते आपल्या साडेतीन तास मागे असतात. माझं सकाळचं आवरून अकरा वाजायचे तेव्हा इथे अडीच, म्हणजे आई झोपलेली. मला बोलावंसं वाटायचं ती वेळ इथे कुणाचीच नसायची. आणि पहिला रविवार फार अंगावर येतो. दुकानं बंद असतात. सुपरमार्केटसुद्धा. रस्त्यावर कुणी नाही, शेजारी खुर्ची सरकवल्याचा आवाजही नाही. आपल्याला वाटतं गावाने आपल्याला वाळीत टाकलंय.

ती : हेच मी म्हणते. आणि त्यात खर्चाला पैसे कुणाचे? त्याच्या भत्त्यातले. कॉफी प्यायची तरी मनात हिशेब. गेली काही वर्षं मी कुणाकडे पैसे मागितलेले नाहीत, वहिनी. व्हिसाच्या फॉर्मवर मी त्याची बायको, घरमालकाकडे त्याची बायको, ऑफिसच्या जेवणाला गेले तर तिथेही तेच. इथे माझ्या दारावर माझ्या नावाची पाटी आहे, हो, पाटीच म्हणायची तर. आणि तिथे काम करायचं म्हटलं तर करता येत नाही. 180 दिवसांत 90 दिवसांचा शेंगेन व्हिसा, त्यावर नोकरी नाही. मोठ्या मुदतीचा असता तरी फिजिओथेरपी तिथे परवाना लागणारा व्यवसाय आहे. आपली पदवी तपासून घ्या, जर्मन भाषेची परीक्षा द्या, मग पुढे बघू. मी चौकशी केली आहे.

तिने चौकशी केली होती हे मला तेव्हाच कळलं. नको म्हणणारा माणूस एवढी चौकशी करतो, याची मी मनात नोंद घेतली, बोलले मात्र नाही. पैशांचा तिचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. कुणी विचारलं तर मी पहिली सूचना हीच करते: स्वतःच्या खात्यातून थोडे युरो वेगळे काढा, स्वतःच्या नावाचं कार्ड न्या आणि प्रवासाचा पास स्वतःच्या पैशाने घ्या. मे 2023 पासून जर्मनीभर एक मासिक पास चालतो. सुरुवातीला 49 युरोंना होता, मग महाग होत गेला. तो खिशात असला की देशातल्या कुठल्याही लोकल गाडीत, ट्राममध्ये, बसमध्ये बसता येतं. लांब पल्ल्याच्या जलद गाड्या तेवढ्या सोडायच्या. तो पास हातात आल्यावर माझा उन्हाळा बदलला.

मी : तुला एकाच लाइनचं सांगते. एस-6 नावाची लोकल. श्टुटगार्टहून निघते, त्सुफेनहाउझेन भागातून जाते. तिथे पोर्शेचं म्युझियम आहे, सगळे तिथेच उतरतात. आपण बसून राहायचं. पुढे लेओनबेर्ग येतं आणि शेवटचं स्टेशन वाइल डेर श्टाट. तटबंदीतलं छोटंसं गाव. 1571 मध्ये योहानेस केप्लर इथे जन्मला. ग्रह सूर्याभोवती लंबवर्तुळात फिरतात हे ज्याने दाखवलं तो. चौकात त्याचा पुतळा आहे, जवळच जन्मघराचं म्युझियम. मी गेले तेव्हा आत मी आणि तिकीट देणाऱ्या बाई, दोघीच.

ती : केप्लर मला शाळेपासून माहीत आहे, त्यासाठी लोकलने कशाला जायला हवं?

मी : त्याची आई माहीत आहे? काथारिना. लेओनबेर्गला राहायची. झाडपाल्याची औषधं जाणायची, लोकांना काढे द्यायची. 1615 मध्ये एका बाईने आरोप केला की हिने दिलेलं पेय पिऊन मी आजारी पडले, ही चेटकीण आहे. खटला सहा वर्षं चालला. सत्तरीच्या पुढची बाई वर्षाहून जास्त काळ साखळदंडांत होती. केप्लर तेव्हा बादशहाचा गणिती, तिकडे लिंट्झला. तो काम सोडून आला आणि मुद्द्याला मुद्दा भिडवत त्याने आईचा बचाव लिहून काढला. 1621 मध्ये तिला सोडलं, आणि पुढच्याच वर्षी ती गेली. येताना लेओनबेर्गला उतरले. ती ज्या गल्ल्यांतून काढे घेऊन फिरली असेल तिथून भाजी घेऊन बायका घरी चालल्या होत्या. ग्रहांचे नियम मी पाठ केले होते, पण ते मांडणाऱ्याच्या डोक्यावर तेव्हा काय होतं हे मला त्या दुपारी कळलं.

ती काही बोलली नाही. ती काढे देणाऱ्यांची नव्हे, पण दुखणी बरी करणाऱ्यांची आहे, आणि आरोप कसे येतात हे तिला ठाऊक आहे.

मी : अजून संपलेलं नाही. वाइल डेर श्टाटहून पुढे काल्फला जायचं. डोंगराच्या कुशीत, नागोल्ड नदीवर. हेर्मान हेस्सेचं गाव. त्याची ‘सिद्धार्थ’ तू वाचली आहेस.

ती : कॉलेजात. भारतात कधी पाऊल न टाकता त्याने ती लिहिली म्हणून मला राग आला होता.

मी : पाऊल टाकलं नाही हे खरं. 1911 मध्ये पूर्वेकडे निघाला, सिलोन-सुमात्रा फिरला, पण भारताच्या मुख्य भूमीवर आला नाही. मात्र त्याची आई आपल्याकडची. मारी गुंडर्ट, जन्म 1842, केरळातलं तलश्शेरी. आजोबा हेर्मान गुंडर्ट श्टुटगार्टचेच. वीसएक वर्षं मलबारात राहिले. मल्याळमचं व्याकरण लिहिलं, 1872 मध्ये मल्याळम-इंग्रजी कोश काढला, तिथे त्यांचं नाव आजही आदराने घेतात. आजी ज्यूली, स्वित्झर्लंडची, तिथे मुलींची शाळा चालवायची. हे सगळे बासेल मिशनचे. आणि बासेल मिशन म्हणजे कोण माहीत आहे? तुझ्या आजोळच्या घरावरची मंगळुरी कौलं. मंगळुरात 1865 मध्ये कौलांचा कारखाना काढला तो यांनीच. काल्फच्या पुलावर हेस्सेचा पुतळा उभा आहे, डोक्यावरची हॅट हातात घेतलेला. त्याच्या शेजारी उभी राहून मी आपल्या मालवणच्या घराच्या कौलांचा विचार करत होते.

माझ्या लक्षात राहिलेला श्टुटगार्ट हा असा आहे. जगातला पहिला काँक्रीटचा टीव्ही टॉवर त्या शहरात आहे, 1956 चा. त्यावर आम्ही दोघं चढलो, खालची द्राक्षमळ्यांनी वेढलेली वाटी बघितली, फोटो काढले. छान होतं. त्याबद्दल मला याहून जास्त सांगायचं नाही.

ती : हे सगळं तू एकटीने केलंस. मग दादाचा संबंध काय? तू एकटीच जायचंस. ‘नवऱ्याबरोबर’ कशाला?

मी : एकटीने गेले असते तर हॉटेलात उतरले असते आणि आठ दिवसांत परतले असते. त्याच्या कामामुळे मला तिथे स्वयंपाकघर मिळालं, जिना मिळाला, पाटी मिळाली. हे त्याचं देणं, मी ते नाकारत नाही. पण उलटंही झालं. तो त्या शहरात प्लांट, कँटीन आणि स्टेशन एवढंच ओळखायचा. रविवारी त्याला गाव मी दाखवायचे. मारिएनप्लात्सवरून डेगरलोखला चढणारी दातेरी रुळांची गाडी आहे, 1884 पासूनची. पुढे सायकली ठेवायचा उघडा डबा ढकलत ती टेकडी चढते. मी आठवडाभर त्यातून ये-जा करत होते, आणि दादा पहिल्यांदा बसला तेव्हा खिडकीला नाक लावून बसला. वाइसेनहोफ वसाहतीतही मीच नेलं त्याला. 1927 मध्ये मीस फान डेर रोहच्या देखरेखीखाली सतरा वास्तुशिल्पींनी तिथे नव्या तऱ्हेची घरं बांधली. त्यात ल कोर्ब्युझिएचं एक जोडघर आहे. रात्री भिंतीतल्या कपाटातून पलंग ओढायचे, सकाळी परत आत ढकलायचे, आणि बाजूने आगगाडीच्या डब्यासारखा अरुंद बोळ. दादा त्या बोळातून आडवा होऊन गेला आणि म्हणाला, आपल्या दादरच्या खोलीत अकरा माणसं अशीच झोपायची, आपल्याला कुणी वास्तुशिल्पी म्हटलं नाही. 2016 मध्ये कोर्ब्युझिएची सात देशांतली सतरा कामं युनेस्कोने एकत्र जागतिक वारशात घेतली. त्यात हे घर आहे आणि आपलं चंदीगडही आहे.

ती : म्हणजे आठवडाभर तू शहर शोधायचंस आणि रविवारी त्याला तयार मिळणार. हेही एक काम झालं. बिनपगारी.

मी : मला ते काम वाटलं नाही.

ती : तुला वाटलं नाही. मला वाटेल. आणि एक प्रश्न विचारू? मला तीन महिन्यांसाठी तिकडे बोलावलं असतं, तर तो आला असता? कंपनीतून बिनपगारी रजा घेऊन, माझ्यासाठी डबा करून, मंगळवारी सकाळी दहाला जिना झाडायला?

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. ते तिच्या नवऱ्याकडेच असणार आणि तिने ते जाण्याआधी विचारावं, असं मी तिला सांगितलं. माझ्या ओळखीत असे दोन पुरुष आहेत की जे बायकोच्या नेमणुकीवर बरोबर गेले. दोघांनाही नातेवाइकांनी पहिला प्रश्न केला, ‘मग तू तिथे काय करणार?’ बायकांना तो प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, कारण उत्तर गृहीत धरलेलं असतं. माझी नणंद तो स्वतःला विचारते आहे, हे मला आवडतं, तिचं उत्तर माझ्या उलट असलं तरी.

मी : तुला मर्सिडीजच्या म्युझियमची गोष्ट सांगते. त्याच गावात आहे. लिफ्टने थेट सगळ्यात वर नेतात. दार उघडलं की समोर पहिला कोण, तर घोडा. पांढरा, पूर्ण आकाराचा. तिथून उतरत उतरत मोटारींचा इतिहास बघायचा. त्यात बेर्टा बेंझ भेटते. कार्ल बेंझची बायको. लग्नाआधीच तिने आपल्या हुंड्याचे पैसे त्याच्या बुडत्या धंद्यात घातले होते. 1886 मध्ये त्याला तीनचाकी मोटारीचं पेटंट मिळालं, पण लोक घेईनात. 1888 च्या ऑगस्टमध्ये तिने दोन मुलांना बरोबर घेतलं, नवऱ्याला न सांगता मोटार बाहेर काढली आणि मानहाइमहून माहेरी, फोर्त्सहाइमला, निघाली. शंभरएक किलोमीटर. इंधन संपत आलं तेव्हा वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून साफसफाईचं द्रावण विकत घेतलं. नळी तुंबली, ती हॅटच्या पिनेने मोकळी केली. ब्रेक झिजले, वाटेतल्या चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. जगातला मोटारीचा पहिला लांबचा प्रवास तो.

ती : आणि ही गोष्ट तू मला जायचं पटवायला सांगते आहेस? वहिनी, ती नवऱ्याबरोबर गेली नाही. तो झोपलेला असताना त्याची गाडी घेऊन गेली. आणि गेली कुठे, तर स्वतःच्या आईकडे. ही माझी गोष्ट आहे, तुझी नाही.

मी : असेल. मग दुसरी घे. राणी काथारिना. रशियाच्या झारची बहीण, वुर्टेमबेर्गच्या युवराजाशी, म्हणजे पुढच्या राजाशी, लग्न करून श्टुटगार्टला आली. 1816 मध्ये, उन्हाळाच न आलेल्या वर्षी. इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला होता, त्याच्या राखेने युरोपातलं पीक गेलं होतं. लोक उपाशी मरत होते. त्या परक्या बाईने मदतीच्या संस्था उभ्या केल्या, 1818 मध्ये गरिबांसाठी बचत बँक आणि मुलींची शाळा काढली. शेतीचा उत्सव तेव्हाच सुरू झाला, तो कानश्टाटला आजही दर वर्षी भरतो. आणि 1819 च्या जानेवारीत ती वारली. जेमतेम तीन वर्षं होती त्या गावात. रोटेनबेर्गच्या टेकडीवर द्राक्षमळ्यांच्या वर नवऱ्याने तिची समाधी बांधली.

ती : राणी होती, वहिनी. तिच्या हाती खजिना होता. मला तिथे माझ्या हातातलं काम करायची परवानगीसुद्धा नाही. तू सारखी सांगतेस की मला बघायला मिळेल. पण मी बघणारी बाई नाही, मी हातांनी काम करणारी आहे. आत्ता माझ्याकडे दोन्ही गुडघे बदललेल्या एक आजी आहेत. ऑपरेशननंतरचे पहिले सहा आठवडे हातचे गेले तर गुडघा नीट वाकत नाही, मग जन्मभर खाली बसणं अवघड. त्यांना मी सांगू का की केप्लरची आई बघून येते?

इथे मी गप्प बसले. माझी नोकरी अशी की तीन महिने मी नसले तर फायली थांबतात, माणूस अडत नाही. तिचं तसं नाही. सोबत जाण्याबद्दल लिहिणाऱ्यांनी, आणि मी त्यातलीच, हा फरक नजरेआड करू नये. ज्याचं काम दुसऱ्याच्या शरीराशी किंवा मुलांशी बांधलेलं आहे, त्याला ‘जा की, मजा कर’ म्हणणं सोपं नाही. तरीही माझ्याकडे एक गोष्ट उरली होती आणि ती मी मुद्दाम शेवटी ठेवलेली नव्हती. खरं तर मला ती तेवढी महत्त्वाची वाटलीच नव्हती.

मी : गुडघ्यांवरून आठवलं. श्टुटगार्ट सगळं चढउतारावर आहे. टेकड्यांवर जायला चारशेहून जास्त जिने आहेत, जुन्या मळ्यांतून वर गेलेल्या पायवाटांचे. म्हाताऱ्या बायका पिशव्या घेऊन ते चढतात. आणि खाली नेकार नदीकाठी, बाड कानश्टाट आणि बेर्गला, खनिज पाण्याचे झरे आहेत. बुडापेस्ट सोडलं तर युरोपात एवढं खनिज पाणी कुठल्याच शहरात वर येत नाही. रस्त्यावरच्या नळांना लोक बाटल्या लावून उभे असतात. पाण्याला लोखंडाची चव लागते. नदीच्या कडेला लॉइत्से नावाचं स्नानगृह आहे. तिथे मी एकदा गेले होते. झऱ्याच्या मूळ पाण्याच्या हौदात उतरलं की अंगाला बारीक बुडबुडे चिकटतात, हातावरच्या लवेच्या प्रत्येक केसावर एकेक. आणि पलीकडच्या गरम हौदात सकाळी सकाळी दहा-पंधरा आजी-आजोबा छातीभर पाण्यात उभे राहून व्यायाम करत होते. काठावर एक तरुण मुलगी, ती करून दाखवायची तसं ते करायचे.

ती : थांब. कसले व्यायाम?

मी : मला काय कळणार? पाय बाजूला नेत होते. मग गुडघा वर घेऊन फिरवत होते. हातात फोमचे डंबेल होते काहींच्या.

ती : काठाला धरून की न धरता?

मी : काही धरून, काही न धरता. एक आजोबा धरून होते आणि त्या मुलीने त्यांचा हात सोडवला.

ती : पाणी किती गरम?

मी : मूळ झऱ्याचं 20 अंशांच्या आसपास. तो दुसरा हौद तापवलेला, पण किती ते बघितलं नाही.

ती : वीसमध्ये सांधे आखडतील. बत्तीस-तेहतीसच्या पुढे हवं. आणि खनिज पाण्यात शरीर आणखी किती हलकं होतं, मिठाचं प्रमाण काय, ते लिहिलेलं असेल की तिथे. उतरायला पायऱ्या होत्या की उतरण? दोन्ही गुडघे झालेला माणूस आत कसा नेतात? झोळीची खुर्ची होती का?

मी : मी नाही पाहिलं.

ती : एवढं बघितलंस, कौलांपर्यंत पोचलीस, आणि हे नाही पाहिलंस?

मी : मला ते दिसलंच नाही गं. मी बुडबुडे बघत होते.

तिने वही काढली. नाशिकला एका हॉस्पिटलने हौद बांधला होता, तो दोन वर्षं कोरडा पडला आहे, कारण तो चालवायचा कसा हे तिथे कुणाला नीट माहीत नाही. हे ती मला आधीही सांगत असे, पण मी ते या शहराशी जोडलं नव्हतं. मग आमचं बोलणं तारखांवर आलं. माझं म्हणणं, जायचं तर पूर्ण मुदत जावं, निदान एकदा दारावर पाटी येईपर्यंत. तीन आठवडे म्हणजे नुसतं धावणं होतं. पहिला आठवडा एकटं वाटण्यात जातो, दुसरा रस्ते कळण्यात, आणि गाव ओळखीचं होतं तेव्हा निघायची वेळ येते.

ती : तीन आठवडे. जुलैत. तोवर आजींचे सहा आठवडे झालेले असतील, पुढचं माझी असिस्टंट बघेल. तिकीट माझ्या खात्यातून. सोमवार ते गुरुवार मी त्या हौदांवर, तिथल्या कुणा फिजिओला भेटता आलं तर आधी पत्र लिहून ठेवते. स्वयंपाक संध्याकाळी दोघांनी मिळून, नाहीतर बाहेर. हे सगळं त्याला मान्य असेल तर.

मी : आणि एस-6?

ती : एक दिवस. लेओनबेर्गला उतरते. काल्फला जाईनच असं नाही.